तुझ्या खुर्चीत बसून

मंगल,

शोकसभेत सगळ्यांनी तुला 'मनमिळाऊ' म्हटलं. एकजात सगळ्यांनी. प्राचार्यांनी म्हटलं, लायब्ररीच्या मॅडमनी म्हटलं, आणि ज्या सरांशी तू अख्खी सेमिस्टर बोलत नव्हतीस, त्यांनी तर डोळे पुसत म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणत होते, अगं बाई, ऊठ आणि दे एकेकाला उत्तर. मनमिळाऊ म्हणे! चहा येईपर्यंत स्टाफरूममध्ये दोघांशी वाद उकरून काढणारी तू! मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलेच नाही. घसा बसलाय अशी हातानेच खूण केली. खरं सांगू? मला तिथे तुझ्याबद्दल बोलायचंच नव्हतं. मला तुझ्याशी बोलायचं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

तुला जाऊन अजून महिनाही व्हायचाय. डोंबिवलीच्या या कॉलेजात समाजशास्त्राला आपण दोघीच होतो, त्यामुळे आता विभाग म्हणजे मी एकटी. तुझी खुर्ची माझ्या टेबलासमोर तशीच आहे, त्या भडक पोपटी गादीसकट. शिपाई ती उचलून कोपऱ्यात ठेवायला निघाला होता. मी त्याच्यावर इतकी खेकसले की बिचारा गादीवरची धूळ झटकून निघून गेला. नंतर त्याला चहा पाजला.

भांडण कशावरून सुरू झालं ते आठवतंय ना? इंटर्नलच्या गुणांत तो एक नवा रकाना आला तेव्हापासून. 'चिकित्सक विचार'. प्राचार्य म्हणाले, मुलं विचार करतात याचा पुरावा पाहिजे, तपासणीला माणसं येणार आहेत. तू फटकन म्हणालीस, "सर, विचार आपणही करतो याचाही पुरावा मागतील का?" मी टेबलाखालून तुला पाय मारला. मग घरी जाऊन रविवारभर बसून मी एक तक्ता केला. मुद्दा मांडलाय का, त्याला आधार दिलाय का, विरुद्ध बाजू घेतलीय का, निष्कर्ष त्यातून निघतोय का. प्रत्येकाला वेगळे गुण. मला तो आवडला होता गं. अजूनही आवडतो. तू तो हातात धरलास, वरून खाली पाहिलास आणि म्हणालीस, "वीणे, हे रुखवत झालं. मांडलंय झकास, पण खायला काही नाही."

तुझा राग त्या एका वाक्यावर होता. गाईडमधून पाठ केलेलं, प्रत्येक पेपरात येणारं, 'प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात'. माझ्या तक्त्यात त्याला अर्धा गुण मिळायचा. तू पेपर तपासता तपासता ओरडायचीस, "दोन बाजू असतात म्हणे! अरे मेल्या, एक तरी सांग!" आणि मग तू तुझी ती परीक्षा काढलीस. खुर्चीबदल.

ती कुठून आली हे तू मला फार उशिरा सांगितलंस. कळव्याच्या तुमच्या घरात चार भावंडं आणि रोज संध्याकाळी मारामाऱ्या. तुझी आई ओरडायची नाही. भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर पाटावर बसवायची आणि पाट बदलायला लावायची. आता तू त्याच्या पाटावर, तर तू त्याचं गाऱ्हाणं सांग. त्याच्यासारखं नाही जमलं तर पुन्हा सांग. समोरचा मान हलवून 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणेपर्यंत कुणालाच भात वाढायचा नाही. तू म्हणायचीस, "डॉक्टरेट तिने करायला हवी होती, मी नुसता तिचा भात खाल्ला."

तेच तू वर्गात आणलंस. दोन खुर्च्या, दोन मुलं. आधी स्वतःचं मत सांगायचं. मग उठून समोरच्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याचं मत त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. त्याने मान हलवली तर गुण. बाईंनी नाही, त्याने. मी म्हटलं, "हे काय? परीक्षक कोण मग?" तू म्हणालीस, "ज्याचं मत आहे तो. त्याच्याहून जास्त कोणाला कळणार?"

मी तुझा वर्ग मागे बसून पाहिलाय, आणि नाही कसं म्हणू, एकदा मी हललेले. एमआयडीसीतले केमिकलचे कारखाने वस्तीतून हलवावेत का, हा विषय होता. प्रणालीचं घर कारखान्यांच्या अगदी कडेला, धाकट्या भावाला सतत खोकला. ती ताडताड बोलली, हलवाच म्हणून. समोर आकाश, त्याचे बाबा तिथेच कामाला. तोही तापला. मग तू टिचकी वाजवलीस आणि दोघं उठून एकमेकांच्या जागी बसले. प्रणाली आधी हसतच होती. मग थांबली आणि आकाशचे बाबा झाल्यासारखी म्हणाली, "वास मलाही येतो. माझ्याच कपड्यांना येतो. पण या वयात मला नवीन कामावर कोण घेणार? आणि कारखाना लांब गेला तर मी घरी कधी पोचणार, पोरगं झोपल्यावर?" आकाशने मान हलवायला किती वेळ लावला! सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. शेवटी हलवली आणि खाली बघत बसला. त्यानंतर तो प्रणालीच्या भावाच्या खोकल्याबद्दल जे बोलला, ते मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. माझ्या तक्त्यात त्या दोघांना किती गुण बसले असते, मला अजून ठरवता येत नाही.

पण म्हणून मी गप्प बसले नाही. मैत्रीतली मुलं माना हलवतील, म्हटलं. दुश्मनीतली हलवणार नाहीत. तोंडाळ पोरं बाजी मारतील. तू म्हणायचीस, "मारू दे, वर्षाच्या शेवटी सगळी तोंडाळ होतील." दर शुक्रवारी डब्याच्या वेळी आपली हीच जुंपायची. तुझी भरली वांगी मी खायची आणि तुझ्यावरच तुटून पडायचं. तुला त्याचा राग आला नाही कधी. उलट मी एखाद्या शुक्रवारी दमून गप्प बसले तर विचारायचीस, "काय गं, बरं नाही का?"

मग रेश्मा आली. टिटवाळ्याची, दुसऱ्या बाकावर भिंतीला चिकटून बसणारी. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची तेही ओठांतल्या ओठांत. लेखी पेपरात मात्र काय लिहिलेलं पोरीने! कुटुंबातल्या निर्णयांवर प्रश्न होता. तिने लिहिलं होतं, 'आमच्या घरात लग्नाचा विषय निघाला की जिचं लग्न आहे ती चहा करायला आत जाते.' एवढ्या एका वाक्यावर मी पेन खाली ठेवलं. धावत तुझ्याकडे आणून दाखवलं. तूही दोनदा वाचलंस. आणि मग तुझ्या खुर्चीबदलात ती बसली आणि तिने तोंडच उघडलं नाही. समोरची मुलगी वाट पाहून कंटाळली. तू गुणाची जागा रिकामी ठेवलीस. पुढच्या वेळी पुन्हा बसवलंस. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती त्या दिवशी कॉलेजातच आली नाही.

तेव्हा मी तुला जे बोलले ते स्टाफरूमच्या बाहेरपर्यंत ऐकू गेलं म्हणे. "तिने विचार केलाय, मंगल! कागदावर केलाय! तुला तो दिसतोय आणि तरी तू गुण देत नाहीस, ही कसली परीक्षा?" तू पण चढलीस. "कागदावर तिला कोण बघतंय? उद्या तिच्या लग्नाची बैठक बसेल तेव्हा ती काय पुरवणी जोडणार आहे? हे वाक्य तिच्या तोंडून निघायला हवं, वीणे. मला तिचा कागद नको, ती हवी आहे." तू बरोबर होतीस. मीही बरोबर होते. म्हणूनच तर ते भांडण मिटत नव्हतं.

आणि त्यात तुला कावीळ झाली. आधी साधी वाटली. मग ठाण्याच्या हॉस्पिटलात ठेवलं आणि डॉक्टर लिव्हरचं काहीतरी बोलायला लागले. मी आले तेव्हा तुझे डोळे, हात, सगळं पिवळंधमक. मी रडू नये म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आयुष्यभर लग्न टाळलंस आणि आता हळद लावून बसलीस होय गं?" तू इतकी हसलीस की शेजारच्या बेडवरच्या आजी उठून बसल्या. मग म्हणालीस, "ऊठ त्या स्टुलावरून. बस इथे बेडवर. मी तिकडे बसते."

"वेडी आहेस का?"

"आपली परीक्षा राहिलीय. मुलांना बसवलं, आपण कधी बसलो?"

सलाईनची नळी सांभाळत तू खरंच स्टुलावर बसलीस आणि मी चपला काढून बेडवर. सिस्टर आत आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ मॅडम, पेशंट नक्की कोण आहे?" तू तिला सांगितलंस, "पाच मिनिटं ही आहे."

आणि मग तू माझी बाजू मांडलीस. 'मी वीणा' म्हणून सुरुवात केलीस. माझं म्हणणं असं की गुण मित्राच्या मानेवर अवलंबून नसावेत. परक्या गावातल्या परक्या मास्तराने तपासलं तरी तेवढेच मिळावेत, कारण गरिबाच्या पोराला दुसरं काही नसतं, गुणच असतात. माझं म्हणणं असं की पटकन बोलणं म्हणजे विचार नव्हे. कागद माणसाला थांबू देतो, खोडू देतो. मंगल, मी इतकी वर्षं जे ओरडून सांगत होते ते तू इतकं शांतपणे सांगितलंस की मलाच नवीन वाटलं. मग तू विचारलंस, "हलव की मान."

मी म्हटलं, "एक मुद्दा राहिला."

खरंच राहिला होता गं. तुला खिजवायला नाही म्हटलं. तुझे ते पिवळे डोळे एकदम लकाकले. "कुठला? थांब, थांब, सांगू नकोस. कॉपी होईल ती. मी शोधते." मला दारापर्यंत जाऊ दिलंस आणि मागून हाक मारून पुन्हा म्हणालीस, "उद्या सांगते बघ."

तो मुद्दा तुला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, कारण मी तुला कधी सांगितलंच नव्हतं. आज सांगते. मीच रेश्मा होते, मंगल. आमच्या घरी मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, हा नियम. वडील ऑफिसातून आले की आम्ही मुली स्वयंपाकघरात. कॉलेजात तीन वर्षांत मी एकदाही हात वर केला नाही. प्राध्यापकांना माझं नाव माहीत नव्हतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र मी वाघीण. तिथे माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता, माझा आवाज कुणी ऐकत नव्हतं, तिथे मी वाट्टेल ते म्हणू शकत होते. कुठल्यातरी अनोळखी परीक्षकाने मला भरभरून गुण दिले आणि त्या गुणांच्या बळावर मी घरी पहिल्यांदा तोंड उघडलं, मला पुढे शिकायचंय म्हणून. आज मी स्टाफरूममध्ये खेकसते ना, ते असं सुरू झालं. गुण आधी आले, आवाज नंतर. म्हणून रेश्माची ती रिकामी जागा मला बघवत नव्हती. तुला वाटत होतं मी तक्त्यासाठी भांडतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. फोन वाजला, तुझ्या बाळूचा. तुझा धाकटा भाऊ, मुलखाचा अबोल. फोन उचलला आणि पलीकडे कुणी बोलेचना. मी आपली "हॅलो, हॅलो, बाळू, अरे बोल ना" करत राहिले. मग मला कळलं की तो का बोलत नाहीये. तव्यावरची पोळी जळून घरभर धूर झाला आणि नवऱ्याने येऊन गॅस बंद केला. मी लाटणं हातात धरून तशीच उभी होते.

तेराव्यानंतर मी कळव्याला तुझ्या आईकडे गेले. जाववत नव्हतं, पण गेले. आई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. बाळू दाराशी. आईंनी मला पाणी दिलं आणि एकदम विचारलं, "तुमचं भांडण मिटलं का गो?"

मी पाणी तसंच खाली ठेवलं. त्याच बोलायला लागल्या. "शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी डबा घेऊन गेलेले. जेवली नाही. मला म्हणाली, आई, आपला बाळू पाटावर बसून तोंडच उघडायचा नाही, आठवतंय? मग तू काय करायचीस? मी म्हटलं, करायचंय काय, त्याला आधी वाढायचे. पोटात चार घास गेले की बोलायचा कधीतरी. नाही बोलला तर नाही बोलला, पोराला उपाशी ठेवायचं का?" आईंनी पदराने तोंड पुसलं. "तर हसायलाच लागली. म्हणाली, आई, वीणाचा राहिलेला मुद्दा सापडला. उद्या सांगते तिला. कसला गो मुद्दा?"

मंगल, मी त्या स्वयंपाकघरात मोठ्याने रडले. तुझी आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. खरं तर मी तिला सावरायला गेलेले. निघताना बाळू मला रिक्षापर्यंत सोडायला आला आणि रिक्षा सुरू झाल्यावर म्हणाला, "ताई तुमच्याबद्दल रोज बोलायची." बस, एवढंच.

तुझ्या वर्गातली थोडी मुलं खुर्चीबदलाची राहिली होती. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, आता तुमच्या तक्त्याप्रमाणे लेखी घेऊन टाका, सोपं पडेल." इतकी वर्षं मी हेच मागत होते. ताटात वाढून मिळालं तर घशाखाली उतरेना. मी म्हटलं, "उरलेल्यांची तोंडीच घेते, सर. मंगल मॅडमच्या पद्धतीने. फक्त एक बदल करून."

रेश्मा शेवटी राहिली होती. सगळे गेल्यावर तिला विभागात बोलावलं. दार उघडंच ठेवलं. तिला म्हटलं, "हे बघ, तुझे या रकान्यातले गुण मी देऊन टाकलेत. तुझ्या लेखी उत्तरावर. पूर्ण. आता तू बोललीस तरी वाढणार नाहीत आणि नाही बोललीस तरी कमी होणार नाहीत. घरी जायचं तर जा." ती उठेना. मग मी विषय सांगितला. माणसाचा विचार तोंडी तपासावा की लेखी? तुझं मत काय?

"लेखी," ती म्हणाली. ऐकू आलं मला.

"बरं. मग आता समोरची बाजू मांड."

तिने इकडेतिकडे पाहिलं. समोर कोणीच नव्हतं. "मॅडम, ती तर मंगल मॅडमची बाजू आहे. मान कोण हलवणार?"

याचा विचार मी केलेलाच नव्हता. क्षणभर वाटलं, सांगावं पोरीला, राहू दे. मग मी उठले आणि तुझ्या खुर्चीत जाऊन बसले. पहिल्यांदाच. तुझी गादी एका बाजूला किती बसलीय गं, बावीस वर्षं तिरकी बसायचीस की काय?

रेश्मा बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. तुझ्या खुर्चीत बसून मला कळलं की तू कशी वाट बघायचीस. मला वाटायचं तू तिला ताटकळत ठेवतेस. मग ती सुरू झाली, अडखळत, ओढणीचं टोक पिळत. "मी मंगल मॅडम. माझं म्हणणं असं की... कागदावर कोणी समोर नसतं, म्हणून आपण शूर होतो. पण ताईच्या लग्नाच्या वेळी ती आत चहा करत होती. माझ्या वेळी मीपण आत जाईन. तेव्हा मला पेपर कोण देणार? तेव्हा मला तिथे खुर्चीत बसून बोलावं लागेल. मॅडम मला गुणांसाठी नव्हत्या बसवत. मला तिथे बसायची सवय व्हावी म्हणून बसवत होत्या." मग तिचा आवाज फुटला. "मी त्या दिवशी आले नाही. त्यांना वाटलं असेल मला राग आलाय. मला राग नव्हता आला."

ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली, वर्गात आकाशकडे सगळे बघत होते तशी.

एवढ्यावरून मी हरले असं समजू नकोस हं. मी तिला गुण आधीच दिले होते, म्हणून ती बोलली. आणि तू तिला दोनदा बसवलं होतंस, म्हणूनही बोलली. यावर आपली निदान चार शुक्रवार जुंपली असती. आता मी कोणाशी भांडू? घरी सगळे माझं ऐकून घेतात. स्टाफरूममध्येही हल्ली सगळे माझं ऐकून घेतात, बिचारी बाई म्हणून. 'रुखवत' म्हणणारं कोणी उरलं नाही, आणि त्यावाचून माझं बोलणं मलाच पोकळ वाटतं.

रेश्मा वाट बघत होती. मी मान हलवली. तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्या वतीने. ती डोळे पुसत हसली, दप्तर उचललं आणि 'येते मॅडम' म्हणून गेली, चांगलं ऐकू येईल असं.

ती जिना उतरून गेल्यावर मी उठले. माझ्या खुर्चीत जाऊन बसले आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पुन्हा एकदा मान हलवली. ही माझी होती, मंगल. मुद्दा बरोबर सापडला होता तुला.